कापसाच्या खोलीतले गोटे

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकं दगडांवर जीव टाकणारं माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरं नाही, आणि असलंच तर घरच्यांनी ते लपवून ठेवलं असणार. लोक रस्त्यानं समोर बघून चालतात, बाई खाली बघून चालतात. त्यामुळे ओळखीची माणसं त्यांना दिसत नाहीत आणि आर्णीतल्या निम्म्या बायकांचा समज असा की ह्या फार गर्वाच्या आहेत. गर्व कसला डोंबलाचा! त्या गिट्टीच्या ढिगात गारगोटी शोधत असतात. घरच्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत सगळं कुटुंब कॅमेऱ्याकडे बघतंय आणि बाईंचा नुसता भांग दिसतोय. एकदा झरी जामणीला नात्यातल्या लग्नाला गेलो, तर ऐन अक्षतांच्या वेळी बाई गायब. सापडल्या त्या मांडवामागच्या नाल्यात, नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचून. परत येताना त्यांची पिशवी सरकवायला गेलेला एसटीचा कंडक्टर "काय भरलं जी हिच्यात?" म्हणत कंबर धरून उभा राहिला. "आहेर हाय," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

दगड ओला झाला की त्याचा खरा रंग कळतो, हे बाईंचं शास्त्र. पाणी हाताशी नसलं की त्या सरळ जीभ लावतात. माझ्या पोरीच्या स्थळासाठी आम्ही यवतमाळला गेलो होतो. मी आत पोह्यांची तारीफ करत बसले होते आणि बाई अंगणातल्या कुंडीतला गोटा चाटून उन्हात धरत होत्या. मुलाच्या आईनं ते पाहिलं. चार दिवसांनी निरोप आला, "पोरगी पसंत हाय. पण काकू गोटे काहून चाटतात, तेवढं सांगा. कोणाले काही आजार असन तं आधीच कळलेलं बरं." लग्न जमलं बापडं, पण व्याह्यांच्या घरी अजूनही चहाच्या आधी बाईंपुढे पाण्याचा तांब्या ठेवतात.

आता एवढे दगड गोळा केल्यावर ते कापावेसे वाटणारच. आमच्या घरामागे एक कापसाची खोली आहे. वेचणी सुरू झाली की भाव येईपर्यंत तिच्यात कापूस, आणि तो विकला की पुढच्या हंगामापर्यंत नुसते उंदीर. यंदा होळी झाली आणि बाईंनी त्या खोलीचा ताबा घेतला. फरशी बसवणाऱ्याकडून पातं आणलं, भंगारातून मोटर आणली, आणि पात्यावर पाणी सोडायला घरातल्या कूलरचा पंप काढला, तोही भर मे महिन्यात! भासरे, म्हणजे बाईंचे यजमान, बनियन काढून वर्तमानपत्रानं वारा घेताहेत आणि आतमध्ये पंप दगडाला गार ठेवतोय. भासऱ्यांनी जाब विचारला तर म्हणाल्या, "तुमाले घाम आला तं पुसता येते. पातं तापलं तं गोटा फुटते."

चिखल अंगावर उडतो म्हणून बाई भासऱ्यांचा रेनकोट घालत, आणि डोळे जपायला हेल्मेट. त्या वेशात त्यांनी एकदा दार उघडलं, तर दूधवाला दूध उंबऱ्यावर ठेवून निघून गेला. कापलेला तुकडा आधी जाड भुकटीवर घासायचा, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी चामड्यावर पांढरी पूड लावून चमकवायचा. ती पूड एका सकाळी मी रांगोळी समजून दारात घातली. चांगली कमळाची रांगोळी काढली होती हो! बाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस त्यांनी दगडाचा गाळ मोरीत ओतला. तो नळीत असा घट्ट बसला की आंघोळीचं पाणी उलटं फिरून बैठकीत आलं, आणि पाटावर जेवायला बसलेले भासरे ताट घेऊन उठले. त्याच पावली त्यांनी जाहीर केलं, "पयला वेचा घरी आला की हे सारं भंगारात. कापूस काय मी डोक्यावर ठेवू?"

बाईंनी मोरीतला गाळ उपसून काढला. त्या दुपारी मात्र माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "दुसरी जागा कुठं हाय मले? सैपाकघर तुझं-माझं, देवघर सासूबाईचं, बैठक मानसायची. तेवढी एक खोली हाय, वं." मी कायम त्यांची थट्टा करणारी, पण तेव्हा उठून त्यांच्यासाठी चहा टाकला.

पाहता पाहता वेचणी आली. आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. वावरातलेच पाच खडे कोपऱ्यात मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच कापसाला हात लावायचा. मान थोरल्या सुनेचा, म्हणजे बाईंचा. त्यांनी सगळं अगदी रीतीनं केलं. पण दह्याचं पाणी एका खड्यावर ओघळलं, तो ओला झाला, आणि त्यात बाईंना पट्टे दिसले. बाईंनी जोडलेले हात सोडले, देव उचलला आणि चाटला.

"अवं माय माय माय! देव चाटला!" वेचणाऱ्या बायांमधली सगळ्यात म्हातारी मावशी ओरडली. बायांनी कापूस भरायच्या कमरेच्या ओट्या सोडल्या आणि जाऊन वावराकडेच्या धुऱ्यावर बसल्या. "आमी नाही जी हात लावत आता. सीतामाय कोपली तं कोणाले पायते?" वेचायला बाया मिळणं आजकाल किती कठीण! ऑटो पाठवा, चहा पाजा, मर्जी सांभाळा. वर आभाळ भरून आलेलं, खाली सगळं वावर फुटून पांढरं झालेलं. भासऱ्यांनी आभाळाकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "आजच्या आज खोली खाली झाली पायजे," एवढंच म्हणाले.

बाईंनी पाचही खडे पदरात घेतले आणि ऑटोत बसल्या. मला वाटलं, आता रडतील, सामान आवरतील. कशाचं काय! घरी येऊन त्यांनी रेनकोट चढवला.

"बाई, चाटला तेवढं पुरे नाही झालं?" मी त्यांचा हातच धरला. "आता कापता?"

"देव आपणच मांडतो ना, वं? वावरातून उचलतो, पाणी घालतो, कुंकू लावतो. मी जरा जास्त धुऊन राह्यली, एवढंच."

पातं फिरलं, आणि मी देवघरात जाऊन बसले. बाईंनी हाक मारली तेव्हा भीत भीत गेले. खड्याच्या दोन फाका त्यांच्या तळहातावर होत्या. आत दुधी, निळसर, पांढरे पट्टे, एकात एक बसलेले. चार खडे तसे निघाले. पाचवा निव्वळ काळा धोंडा. पण तोही त्यांनी तितकाच घासला, तितकाच चमकवला. म्हणाल्या, "देवायमधी लहान-मोठं नसते."

दुसऱ्या दिवशी भासऱ्यांनी बायांना कसंबसं वावरापर्यंत आणलं होतं. बाईंनी कोणाकडे न बघता पाच फाका मांडल्या, कुंकू लावलं, दहीभात ठेवला. बाया धुऱ्यावरच बसून होत्या. भासऱ्यांचा चेहरा तर बघवत नव्हता. मग मावशी उठली, हात पदराला पुसले, एक फाक उचलून उन्हाकडे धरली आणि फिरवून फिरवून बघितली.

"माय वो! अंदरून एवढी सुंदर होती सीतामाय, अन् आपण तिले आजवर धुळीत बसोलं." तिनं फाक कपाळाला लावली. "काय पायता, वं पोरीहो? बांधा ओट्या!"

अशी वेचणी मी जन्मात पाहिली नाही. बाया गाणी म्हणत तुटून पडल्या आणि पाऊस यायच्या आत वावर मोकळं झालं. जाताना मावशीनं बाईंना बजावलं, "आमच्या इकडचेबी खडे आणून देतो. असेच धुऊन द्या." मग काय विचारता! पिशव्या भरभरून सीतामाया आमच्या घरी येऊ लागल्या.

कापूस घरी आला तेव्हा मी बघत होते. भासऱ्यांनी गाठोडी मुकाट्यानं बैठकीत रचायला लावली, छतापर्यंत. आता येणारा-जाणारा कापसावर बसतो आणि खोकत उठतो. दोन-चार दिवसांनी दुपारी मी मागच्या ओसरीवर तूर निवडत होते. भासरे मागच्या बाजूला आले आणि कापसाच्या खोलीच्या दारात थांबले. दार उघडंच होतं. त्यांनी खाकरून विचारलं, "येऊ का आत?"

"थांबा जराक. हातातलं होऊ द्या," आतून बाई म्हणाल्या.

आणि भासरे थांबले. स्वतःच्या घरात, उंबऱ्याबाहेर, उन्हात. मला बाईंचा इतका अभिमान वाटला की सुपातली तूर सांडली. आणि खोटं कशाला बोलू, ह्या घरात आपलंही एक दार असतं तर, असं मनात येऊन जरा रडूही आलं.