‘आमच्यासारखी’ फॅमिली

“ही ऑफर पुढे पाठवायची नाही,” ग्रॅहम म्हणाला आणि पुन्हा चहा पिऊ लागला.

ग्रॅहम माझा बॉस. आमचं ऑफिस दुबईच्या देरा भागात होतं. इंग्लंडमधली घरं आखातात राहणाऱ्यांना विकायची, हा आमचा धंदा. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आपल्यासारख्या परदेशी माणसाला तेव्हा दुबईत स्वतःच्या नावावर घर घेता येत नसे. कितीही वर्षं राहा, भाड्याने राहायचं आणि व्हिसा संपला की निघायचं. त्यामुळे ज्यांच्याकडे थोडा पैसा साठला होता, ते घर बाहेर शोधत आणि आमच्याकडे येत.

ऑफर आलेलं घर म्हणजे एक व्हिक्टोरियन टाऊनहाऊस. व्हिक्टोरियन म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळात बांधलेलं. टाऊनहाऊस म्हणजे रस्त्याला लागून उभं असलेलं उंच, अरुंद घर. शेजारच्या घराशी भिंत सामाईक. गाव मार्केट टाऊन, म्हणजे आठवडी बाजार भरणारं, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावासारखं. मालकीण मिसेस हॉल्ट दुबईपासून दीड तासावरच्या अल ऐन शहरात एका शाळेत संगीत शिकवायच्या. नवरा वारलेला, मुलं ऑस्ट्रेलियात. घर रिकामं पडलं होतं.

ऑफर होती शुभांगी सावंत यांची. शारजा औद्योगिक क्षेत्रात त्यांचं आणि त्यांच्या मिस्टरांचं फरसाण-चिवड्याचं किचन होतं. मुलगी रिया शारजातच वाढली, इंग्लंडला डॉक्टर झाली आणि त्याच गावाजवळच्या हॉस्पिटलात लागली. घर तिनेच शोधलं होतं. मिसेस हॉल्टनी मागितलेली पूर्ण किंमत सावंतांनी देऊ केली होती. दुसरी ऑफर होती ग्रॅहमच्या गोल्फच्या मित्राची, जरा कमीची.

आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात. आलेली प्रत्येक ऑफर मालकापर्यंत पोचवायची. आपल्याला पटो न पटो, ठरवणार मालक.

मी कारण विचारलं. ग्रॅहम म्हणाला, मिसेस हॉल्टना त्यांच्यासारखी फॅमिली हवी आहे.

“सावंतही फॅमिलीच आहेत,” मी म्हणाले.

“मेधा, मी काय म्हणतोय ते तुला कळतंय.”

कळत होतं. म्हणूनच डोकं तापलं. मिसेस हॉल्ट नक्की तसं म्हणाल्या का, असं मी विचारलं. तो म्हणाला, मी माझ्या क्लायंटना ओळखतो, खलास. सावंतांना घर गेलं म्हणून सांग.

आता माझी बाजू सांगते. माझा व्हिसा कंपनीचा होता. पासपोर्ट ग्रॅहमच्या तिजोरीत. तेव्हा सर्रास असंच चालायचं. नोकरी गेली की व्हिसा जायचा आणि वर सहा महिन्यांचा बॅन लागू शकायचा, म्हणजे तेवढे दिवस त्या देशात दुसरी नोकरी नाही. नाशिकचं माझं घर माझ्या पगारावर चालत होतं. ‘घर गेलं’ एवढे दोन शब्द बोलले असते तर सगळं सुरळीत राहिलं असतं.

मी शारजाला गेले. शुभांगीताई कढईशी उभ्या होत्या, चकलीचा घाणा चालू होता. मी जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांचे मिस्टर म्हणाले, सोडून देऊ, इंग्लंडमध्ये काय घरांचा तुटवडा आहे? आपण इथेही पाहुणे, तिथेही पाहुणे; भांडून काय मिळणार? त्यांनी रियाला फोन लावला. स्पीकरवरून तिचा आवाज आला, “आई, जस्ट आस्क हर. त्या मालकिणीलाच विचार.”

शुभांगीताईंनी गॅस बारीक केला. “इतकी वर्षं पाहुण्यासारखीच राहिले,” त्या म्हणाल्या. “नाही म्हणायचं असेल तर त्या बाईने माझ्या तोंडावर म्हणावं. मधल्या माणसाचं ‘नाही’ मी ऐकणार नाही.”

मग मी मिसेस हॉल्टना फोन केला. तुम्हाला न कळवलेली एक ऑफर आहे आणि घेणाऱ्यांना तुम्हाला भेटायचंय, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, शुक्रवारी चहाला या.

सावंतांच्या डिलिव्हरी व्हॅनमधून आम्ही दोघी अल ऐनला गेलो. शुभांगीताई ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. ड्रेस घालायचा विचार केला होता, मग मुद्दाम साडीच नेसले, असं त्यांनी मला सांगितलं.

मिसेस हॉल्टनी केक कापला, घराविषयी सांगायला लागल्या. शुभांगीताईंनी कपाला हातही लावला नाही. आपल्या मोडक्यातोडक्या पण ठाम इंग्रजीत त्यांनी सरळ विचारलं, “तुम्हाला तुमच्यासारखी फॅमिली हवी आहे म्हणे. आम्ही तुमच्यासारखे नाही. नको असेल तर आत्ता सांगा, मी केक खाऊन जाईन.”

मिसेस हॉल्टचा चेहरा लाल झाला. त्यांनी नाकारलं नाही. हो, मी ग्रॅहमला तसं म्हणाले होते, असं त्यांनी कबूल केलं. मग हळूहळू सांगितलं. त्यांच्या रस्त्यावरची घरं एकेक करून कापली गेली होती. खाली ऑफिस, वर छोटे छोटे फ्लॅट, जुने जिने उखडलेले. त्यांना संपूर्ण घरात एकच कुटुंब राहायला हवं होतं. ग्रॅहमने दुसरा खरेदीदार तसाच आहे असं सांगितलं होतं. त्यांनी मला विचारलं, ते खरं आहे का?

ग्रॅहमच्या त्या गोल्फच्या मित्राने आमच्यामार्फत आधी घेतलेली दोन्ही घरं कापून त्यांचे फ्लॅट केले होते. त्यांची कागदपत्रं मीच पाहिली होती. हे बोललं की नोकरी संपली, हे मला माहीत होतं. पण एजंट मालकाचा असतो आणि मालकीण समोर बसून विचारत होती. मी सांगितलं.

मिसेस हॉल्ट शुभांगीताईंकडे वळल्या. त्यांना विचारलं, तुम्ही तिथे फरसाणाचा बिझनेस काढणार आहात का?

“बिझनेस शारजात. पण घर माझं झालं की रोज फोडणी पडणार. शेजाऱ्यांना वास येईल, ते आधीच सांगते.”

मिसेस हॉल्ट म्हणाल्या, माझे मिस्टर रविवारी खारवलेले मासे भाजायचे, तेव्हाही शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. मग त्यांनी शुभांगीताईंपुढे केकची बशी सरकवली आणि घर तुम्हाला दिलं, म्हणाल्या.

शनिवारी त्यांनी स्वतः ग्रॅहमला फोन केला. पाचच मिनिटांत त्याने मला आत बोलावलं. माझ्या क्लायंटकडे परस्पर गेलीस, म्हणाला. मी म्हणाले, त्यांची ऑफर त्यांना पोचवली. त्याने पासपोर्टची आठवण करून दिली.

“तो आत्ता द्या,” मी म्हणाले. “पासपोर्ट माझ्या सरकारचा आहे, तुमचा नाही. मिळेपर्यंत मी इथेच बसते. नाही मिळाला तर इथून थेट भारताच्या कॉन्सुलेटमध्ये.”

केबिनचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. बाहेर क्लायंट बसले होते आणि ऐकत होते. ग्रॅहमने तिजोरी उघडली.

व्हिसा कॅन्सल झाला, बॅन लागला. कमिशन अर्थातच बुडालं. सहा महिने नाशिकला ट्यूशन घेतल्या, आईची बोलणी खाल्ली, मग दुबईतल्याच दुसऱ्या फर्ममध्ये परत आले. तोवर सावंतांना किल्ली मिळाली होती. रिया आजही त्याच घरात राहते, तिची मुलं त्याच जिन्यावरून धडधडत उतरतात.

मिसेस हॉल्टच्या मनात तेव्हा फक्त फ्लॅटचाच विषय होता का, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित ग्रॅहमला जे ऐकू आलं तेही त्यात थोडं असेल. पण समोरासमोर विचारल्यावर त्यांना स्वतः ठरवावं लागलं आणि त्यांनी ठरवलं.

नवीन पोरांना ट्रेनिंग देताना मी एवढंच सांगते. मालकाच्या मनात काय आहे ते मालकालाच विचारा. बॉसला विचारलंत तर बॉसच्या मनातलं कळतं.