परळच्या मैफलीत मी गाळलेलं नाव

"निवेदन करायला येशील का गं?" असा शरयूताईंचा फोन आला आणि तारीख न विचारताच मी हो म्हणाले. ताई ब्याऐंशीच्या. परळला रविवारी सकाळी त्यांची मैफल होती, त्यांच्या मते शेवटची. कॉलेजात असताना दोन वर्षं मी त्यांच्याकडे शिकले. गळा यथातथाच, पण लिहिते बरं, हे त्यांनीच ओळखलं होतं.

शनिवारी पहाटे साताऱ्याहून निघाले, अकराला दादर. सामान कमी असेल तर तिथून टॅक्सी करू नका, गिरगावची बस धरा. खिडकी मिळाली तर लालबाग, भायखळा बघत स्वस्तात पोचता.

बसमध्येच मैफल ठेवणाऱ्या मंडळाच्या कार्यवाहांचा फोन आला; निवेदन मी त्यांना आधीच पाठवलं होतं. "मॅडम, निवेदन झकास. फक्त ते उस्तादांचं नाव काढा ना. मंचावर मागे तिरंगा, शेवटी देशगीत, आणि ते पाकिस्तानात गेलेले. कुणीतरी उगाच बोलणार."

"बघते," म्हणाले, आणि लगेच खोडलंही.

उस्ताद मुनव्वर बेग माझगावला राहायचे. ताई दहाव्या वर्षापासून आठ वर्षं त्यांच्याकडे शिकल्या. म्हातारपणी ते लेकीकडे कराचीला गेले आणि तिथेच वारले. पुढे ताईंनी नाट्यपदं गायली, अभंग गायले, पंधरा ऑगस्टला देशगीतं गायली. सकाळच्या मैफलीची सुरुवात मात्र कायम उस्तादांनी तोडी रागात बांधलेल्या, काठाकडे येणाऱ्या होडीच्या बंदिशीने.

गिरगावात साबुदाणा वडा आणि पीयूष घेतलं (पीयूष अर्धंच मागवा, फार गोड असतं) आणि ताईंच्या चाळीचे तीन जिने चढले. ताई वाल सोलत होत्या. मी सांगून टाकलं.

"काढलंस?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"मला, की तुला?" एक वाल निसटला, तो त्यांनी शांतपणे उचलला. "त्या तोडीतली होडी माझगावच्या धक्क्यावरची आहे. कराची त्यांनी तेव्हा पाहिलीसुद्धा नव्हती. आता ती होडी गाऊ, की तीही खोडतेस?"

"गा ना, ताई."

"गाईन. तुझा कागद तुझ्यापाशी."

रविवारी हॉल भरलेला. मी वाचलं, "माझगावच्या एका थोर गुरूंकडे..." आणि पुढे सरकले. तानपुरे सुरू झाले. गाणारे गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. ताईंनी हात लावला आणि गप्प बसल्या. पाळी धरलेलीच.

पहिल्या रांगेतले मालवणी आजोबा ओरडले, "बाई, गुरूचा नाव सांगा मगे!"

"ही सांगेल," ताईंनी माझ्याकडे मान वळवली. "लिहिणारी ती आहे."

मी कागदाकडे पाहिलं. खोडलेल्या रेघेखाली नाव वाचता येत होतं. घसा खाकरून म्हणाले, "उस्ताद मुनव्वर बेग. माझगाव. नंतर कराची."

कुणी काही बोललं नाही. आजोबांनी नुसती मान डोलावली. ताईंनी हात खाली घेतला आणि तोडीचा षड्ज लावला. आवाज थरथरत होता. होडी मात्र काठाला लागली. शेवटी देशगीतही झालं, आणि कार्यवाहांनीच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

साताऱ्याला परतल्यावर रेकॉर्डिंग ऐकलं. स्वतःहून नाव घेतलं असं लिहायला आवडलं असतं, पण ते मला कुणीतरी विचारावं लागलं. कार्यवाहांनी निरोप पाठवलाय: मधली ती शांतता आणि खाकरणं कापू का? आवाज जास्त सफाईदार होईल.

कापू नका, असं कळवलंय.

आणि ही पोस्ट लिहिताना पहिल्या खर्ड्यात पुन्हा "एक उस्ताद" असंच उतरलं होतं. तेही खोडलं.