कोंडात टाकलेली पावडर

आधी पावडरीचं सांगते. विहिरीचं पाणी पिण्याजोगं राहावं म्हणून ग्रामपंचायतीत टीसीएल नावाची पावडर येते. पांढरी, नाकात झोंबणारी. ती विहिरीत टाकायची असते. आमच्याकडे ती पऱ्यातही टाकतात, म्हणजे वाडीच्या ओढ्यात, मासे मारायला. बादलीत कालवून ओतायची, मासे तडफडत वर येतात, टोपलीने गोळा करायचे. यात शौर्य नाही, कसब नाही, भूकही नाही. पत्रकात मी हे असंच लिहिलं होतं, आणि ‘भूकही नाही’ याच्याखाली रेघ मारली होती.

पत्रकं मी कॉलेजपासून लिहिते. छोटी वाक्यं, शेवटी मागणी. या पत्रकात मी आमच्या पऱ्याचा हिशेब मांडला होता. पऱ्या नदीला मिळतो, नदी पूर्णगडच्या खाडीला. पावसात हा सगळा एकच रस्ता असतो. खडशी, शिंगटी हे मासे त्यावरून वर चढतात, भातखाचरांच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. झिंग्यांची पिल्लं खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतात आणि नखाएवढी झाली की ओल्या कातळाला चिकटत वर येतात. सापासारखी लांब वाम तर अंडी घालायला थेट समुद्र गाठते. दिवाळीनंतर पाणी उतरतं, रस्ता तुटतो, आणि उन्हाळ्यात पऱ्याचे नुसते डोह उरतात. त्यांना आम्ही कोंड म्हणतो. मे महिन्यातही पाणी धरून राहणारा कोंड आमच्या वाडीत एकच. अख्ख्या पऱ्यातले उरलेसुरले मासे तिथे येऊन बसतात. पुढच्या पावसात वर चढायचे ते हेच. त्या कोंडात पावडर ओतणं म्हणजे बियाण्याची कणगी पेटवून देणं.

मागणी जाड अक्षरांत होती: पावडर टाकणाऱ्याचं नाव ग्रामसभेत, सगळ्यांसमोर घ्या. दंड नको, पोलीस नको, लाज वाटू दे. लाज हे फार धारदार हत्यार आहे असं मला वाटायचं. ती कशी लागते ते मला ठाऊक नव्हतं.

पंचायतीतली ती पावडर सांभाळणारे, विहिरीत टाकणारे आणि नळाला पाणी सोडणारे म्हणजे माझे बाबा. पत्रक लिहिताना हे आठवलं नाही असं नाही. आपले बाबा त्यातले नव्हेत, एवढं मी धरूनच चालले होते.

मे महिन्यात धाकटे काका मुंबईहून आले. मी शेजारच्या वाडीत पत्रकं वाटून दुपारी घरी आले तर घरभर तिरफळाचा वास. आईने ताट वाढलं. बोटाएवढे मासे, लालभडक सार.

“खा गो,” काका म्हणाले. “पापलेट यापुढं काहीच नाय.”

“कुठले मासे?” मी विचारलं.

“मिळाले,” बाबा म्हणाले. मान ताटात.

मासळीवाली टेम्पोने आणते ते समुद्रातले बांगडे, सौंदाळे. हे मासे पऱ्यातले होते, ते डोळ्यांना दिसत होतं. मी खाल्ले. वर म्हटलं, “आई, अजून थोडं सार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धुणं घेऊन कोंडावर गेले. बायका धुवायचं सोडून उभ्या होत्या. पाण्यावर पांढरी पोटं. कडेला तांदळाच्या कणीएवढी पिल्लं सांडल्यासारखी लागली होती. करंजाच्या मुळीला एक वाम विळखा घालून तशीच ताठली होती. मग माझं तोंड सुटलं. कोण हे नालायक, यांना गावात राहायचा अधिकार नाही, ज्याच्या घरात काल मासे शिजले त्याला आणा इकडे.

शेजारची काकी गुडघ्यावर हात ठेवून माझं सगळं ऐकून घेत होती.

“झालं बोलून? मग काल तुमच्याकडं कसला वास सुटलेला तो इचार आधी.”

“आणि पावडरच्या खोलीची चावी कुणाच्या करगोट्याला हाय तेपण इचार,” दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत. बाळाने अंगावर सांडून घेतल्यावर हसतात तशा. मी धुणं तसंच उचलून घरी आले.

घरी कुणी काही लपवलंच नाही.

“भावोजी वर्षाने येतात,” आई म्हणाली. “त्यांना नदीचं खावंसं वाटलं.”

“अगं, मूठभर माशांचं काय घेऊन बसलीस!” काका म्हणाले. “दादरला खडशी मिळत नाय म्हणून तर मागितली.”

मी बाबांकडे बघितलं. “उद्या ग्रामसभा आहे. विषय माझाच आहे.”

“मग घे नाव,” ते म्हणाले. “छापलंयस ना तू.” रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

रात्रभर स्वतःला समजावत होते, की नाव न घेता ‘कोणीतरी एक’ म्हणता येईल, ‘गावकऱ्यांपैकी काही’ म्हणता येईल. दुसऱ्याच्या बापाला मी ही सूट दिली नसती.

ग्रामसभा शाळेच्या वर्गात होती. बाबा मागच्या बाकावर, लहान मुलांच्या बाकात गुडघे दुमडून. सरपंचबाई म्हणाल्या, “बोल गो.” मी उठले आणि एका दमात बोलले. पावडर माझ्या बाबांनी टाकली. मासे आमच्या घरी शिजले. मीही खाल्ले.

मग मागून एकजण ओरडला, “हिच्यासमोर जेवायचीपण चोरी झाली!” वर्ग हसून फुटला. बाबा त्या बाकातून कसेबसे उठले, हात जोडले, “चुकलं,” म्हणाले, आणि पुन्हा बसताना त्यांचा गुडघा फळीवर आपटला. सरपंचबाई म्हणाल्या, “पोरीनं खरं सांगितलं. टाळ्या वाजवा.” टाळ्या झाल्या. शिमग्यात वरच्या कोंडात पावडर ओतल्याचं ज्याच्याबद्दल सगळ्या गावाला माहीत आहे, तो सगळ्यात जोरात वाजवत होता. लगेच पुढचा विषय आला, स्मशानाच्या रस्त्याचा. पावडरीला कुलूप कुणाचं, कोंडावर बंदी कधी, कुणी काही विचारलं नाही. मी उठून विचारायला हवं होतं, तोंड उघडलं नाही. एका माणसाला लाज वाटली आणि बाकीचे मोकळे झाले. माझ्या मागणीतून निघालं ते एवढंच.

परत येताना ऊन चढलं होतं. बाबा पुढे, मी मागे. सड्यावर, त्या उघड्या कातळावर, सावली नाही. ते न वळता म्हणाले,

“मागच्या वर्षीचंपण सांगायचं होतंस.”

“मागच्या वर्षी पण?”

“मुंबईचे चाकरमानी आले की मासे लागतातच.”

“कधीपासून, बाबा?”

“तू अंगणवाडीत होतीस. काटे काढून हेच मासे भरवायची तुझी आई. दुसरं कायपण घातलं तर थुंकायचीस.”

मला त्यांच्या बरोबरीने चालायचं होतं. चार पावलं भराभर टाकली असती तर गाठलं असतं. ते जमलं नाही. त्यांच्या सदऱ्यावर घामाचा डाग मोठा होत चालला होता. तो बघत मी घरापर्यंत मागूनच आले.