सेल संपायच्या आत

आमच्या सुकापूरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरच्या, सगळ्यांच्या मावशी असलेल्या खालांची खुर्ची कुठे आहे ते बघून मी वेळ ओळखायचे. विटा खाली पडतात तो हातातला व्हिडिओ गेम मुलाने त्यांना कुवेतहून आणून दिला होता. त्याच्या स्क्रीनला उजेडच नव्हता. म्हणून उन्हाच्या मागोमाग सकाळी खाला गेटपाशी, दुपारी जिन्याजवळ, संध्याकाळी पार्किंगच्या कडेला. वीट अडकली की त्या तिलाच दटावायच्या, "अगं, फिर ना गं बये!"

सेल काढले की मात्र त्या गेममधला स्कोअर पुसला जायचा. त्यामुळे आकडे फिकट व्हायला लागले की खाला हाक मारायच्या, "भाभी, खाली या! दिसतंय तोवर बघून घ्या!" गॅस बंद करून, पिठाच्या हातांनी आम्ही जिना उतरायचो. सगळ्यांनी आकडा मोठ्याने वाचून "वा खाला!" म्हटलं, की मगच त्या सेल बदलायच्या.

एका ईदला मुलाने नवा गेम आणला. रंगीत, उजेडाचा, स्कोअर कायमचा ठेवणारा. आता आपल्याला कोण बोलावतंय, असं वाटून मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आठवडाभराने खालून हाक आली. धावत गेले, तर खालांच्या हातात तोच जुना गेम.

"आणि नवा कुठंय?"

"त्याच्या सगळं लक्षात राहतं," खाला तोंड वाकडं करून म्हणाल्या. "मग तुम्ही कशाला याल?"