औषधांचा रिकामा रकाना

प्रिय तन्वी आणि आरुष,

अंबरनाथच्या बुवापाड्यातून माझा टेंपो निघाला तेव्हा सामानावर सगळ्यात वर तुमच्या आजोबांची खुर्ची उलटी बांधलेली होती. शेजारच्या मंदाताई म्हणाल्या, "लेकाकडे विमानानं जायचं सोडून बदलापूरला टेंपोनं निघालात होय, बाई?" मी त्यांना जयभीम केला आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

आजोबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तिथली खोली विकून मी टोरोंटोला कायमचं यावं, असं तुमच्या बाबांनी ठरवलं होतं. खोली मी विकली. पैसे बँकेत ठेवले आणि बदलापुरात वन रूम किचन भाड्याने घेतलं.

आठवड्याभरात बाबांनी ईमेलने एक्सेलची शीट पाठवली. व्याज, भाडं, महागाई, औषधं, पुढच्या सगळ्या वर्षांचे रकाने भरलेले. तळाशी लाल अक्षरात उत्तर होतं: सत्तराव्या वर्षी पैसे संपतील. मी तेव्हा साठीची.

मी फोनवर विचारलं, "यातलं तुला नक्की माहीत काय आहे?"

"आई, अंदाज असतात ते. मॉडेल असंच करतात."

आम्ही तसं करत नव्हतो. आनंदनगरच्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं कॉस्टिंगला, म्हणजे मालाचा खर्च काढायला होते. तांब्याचा पुढचा भाव कुणालाच माहीत नसायचा. मग आम्ही सूत्र उलटं फिरवायचो. भाव किती चढेपर्यंत ही ऑर्डर परवडेल, एवढंच काढायचो. माझे वडील त्याच भागात हमाली करायचे. मला इंग्रजी शाळेत घालताना ते म्हणाले होते, "आकडा वाचता आला ना पोरी, मग तुला कुणी ऊठ म्हणणार नाही."

म्हणून पैसे कधी संपतील हा प्रश्नच मी शीटमधून काढला. नव्वदीपर्यंत इथेच राहायचं हे पक्कं धरलं आणि त्यासाठी महिन्याला आणखी किती कमवावं लागेल ते काढलं. आकडा आवाक्यातला निघाला. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्स शिवून घेणाऱ्या एका सिंधी शेठकडे आठवड्यातून तीन दिवस हिशेबाचं काम धरलं आणि शीट ऐटीत टोरोंटोला पाठवली.

बाबांचा फोन आला तो हसतच. "आई, औषधांचा रकाना रिकामा का?"

"पुढे किती लागतील ते माहीत नाही म्हणून."

आमच्या कागदी रजिस्टरची तीच रीत होती. माहीत नसेल तिथे जागा मोकळी सोडायची.

"अगं, एक्सेल रिकाम्याला शून्य धरतं! नव्वदीपर्यंत एक गोळीसुद्धा घेणार नाहीस का तू? राहू दे आता. तिकीट काढतो."

चूक माझीच होती, म्हणून जास्त चिडले. दोन दिवस शीटकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा सूत्र फिरवलं. शेठ देत होता तो पगार आता माहीत होता. तो आत घातला आणि औषधांचा रकाना उत्तराच्या जागी नेला. औषधांचा खर्च कुठवर गेला तरी मी इथे राहू शकते? आकडा आला माझ्या तेव्हाच्या औषधांच्या बिलाच्या तिप्पट. भाड्याचंही तसंच काढलं. खाली लिहिलं, "याच्यावर गेलं तर तिकीट मी स्वतः मागेन. तोवर कुणी काढायचं नाही."

दोन ओळींचं उत्तर आलं. "सूत्र तपासलं. बरोबर आहे, आई."

शेठला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आंटी, मेरा भी ऐसा उलटा करके दो ना! कपडे का भाव कौन जाने!" त्यालाही करून दिलं.

याला चार वर्षं झाली. दर पहिल्या तारखेला मी औषधांचं बिल त्या आकड्याशी ताडून बघते. गुडघ्यांनी ते वाढवलं आहे, पण आकडा अजून लांब आहे. गाठला तर दिलेला शब्द पाळीन.

तुम्ही फोनवर विचारता, आजी, तू घरी कधी येणार? बाळांनो, तुमच्याकडे मी येईन, महिनाभर राहीन, थालीपीठं करून घालीन. पण घरी मी आहेच. आजोबांची खुर्ची इथे खिडकीशी सरळ ठेवली आहे. तिच्यातच बसून हे लिहिते आहे आणि मला कुणी ऊठ म्हटलेलं नाही.

तुमची आजी