करडईच्या तेलाची वाटी

करडईचं तेल तापल्याचा वास आला की मला वसमतमधलं ते घर आणि त्याच्या अंगणात वाळत घातलेली हळद आठवते. शाळेतली नोकरी सोडून मी नुकतीच बायकांना घरी जाऊन व्यायाम शिकवायला लागले होते. पहिलंच बोलावणं एका जुन्या विद्यार्थिनीचं आलं. तिचं लेकरू सहा महिन्यांचं होतं आणि फोनवर ती म्हणाली होती, "मॅडम, तुमीच या." मी नवी ट्रॅकपँट घालून, चटई काखेत धरून दारात उभी राहिले, तर तिच्या सासूबाईंनी विचारलं, "ह्या कोण?" जिला वर्गमूळ मी शिकवलं होतं, ती पोरगी माझ्याकडं न बघता म्हणाली, "मालिशवाल्या मावशी हायेत." सुनेनं व्यायामाला बाई लावलेली त्या घरात चालली नसती, एवढं मला कळलं. सासूबाईंनी लगेच पाय पसरले आणि गरम तेलाची वाटी माझ्यापुढं सरकवली. "आधी माझे गुडघे बघा, लई तकलीफ हाय." मी चोळत बसले. तेल ट्रॅकपँटवर ओघळलं, चटई गुंडाळलेलीच राहिली. निघताना ती पोरगी मला सोडायला फाटकापर्यंत आली. सासूबाईंचा आत डोळा लागला होता, ऐकायला कुणीच नव्हतं. तरी तिनं विचारलं, "उद्या येताल ना, मावशी?" आता माझ्याकडं येणाऱ्या सगळ्या बायका मला मॅडमच म्हणतात, आणि शेजारच्या लेकरांनासुद्धा मी मावशी म्हणू देत नाही.