उनाइसीची बिळं

आमच्या बेटावरच्या नावुलोआ गावात समुद्रातल्या खडकावर निघालेल्या बाईला "कुठे निघालीस?" असं विचारत नाहीत. हातात सळई, कमरेला झावळीची टोपली आणि ओहोटीची वेळ, म्हणजे ती काही चर्चला निघालेली नसते. तरी विचारायचं नाही. विचारलं की तिनं तसंच मागे फिरायचं, कारण त्या दिवशी समुद्र काही देत नाही. आणि एकदा खडकावर पाय पडला की पुन्हा वाळूला लागेपर्यंत तिनंही तोंड उघडायचं नाही. उनाइसी हे दोन्ही नियम इतक्या कडकपणे पाळायची की तिची वहिनी तराइवीनी म्हणे, हिला नवरा खडकावर भेटला असता तर हिचं लग्नच झालं नसतं.

उनाइसी ऑक्टोपस धरायची. तिची आईही धरायची, आजीही. इतर बायका खडकावर शोधत फिरत, उनाइसी मात्र बाजारात ठरलेल्या दुकानात जावं तशी सरळ चालत जायची. तिच्याकडे बिळं होती. लाटा फुटतात तिथे, पार कडेच्या अंगाला, जांभळ्या-गुलाबी दगडांत ती होती, आणि प्रत्येकाला ते शोधणाऱ्या बाईचं नाव होतं. एक वासितीचं, एक थोरल्या मेरेवालेसीचं. सगळ्यांत जुनं आंधळ्या बुबूचं. ही बुबू म्हणजे उनाइसीची पणजी. डोळे गेल्यावरही ती पायांनी चाचपत तिथवर जायची म्हणतात. मला ते फारसं पटत नाही, पण उनाइसीसमोर तसं म्हणायची सोय नव्हती.

ऑक्टोपस धरायचा, पण दगड फोडायचा नाही. त्यानं दारात रचलेले खडे होते तसे लावून ठेवायचे, म्हणजे रिकाम्या घरात लवकरच दुसरा येऊन राहतो. अंड्यांवर बसलेल्या मादीला हात लावायचा नाही. ती आतून दार लावून घेते, खात नाही, पीत नाही, अंडी फुटली की मरते. तिला ओढायला गेलं तर तुटेल, पण बाहेर येणार नाही. हे सगळं आईनं मुलीला दाखवायचं, आणि एकदाच. ज्या दिवशी मुलगी स्वतःहून म्हणेल, मला बिळं दाखव, त्या दिवशी. आईनं आपण होऊन विषय काढायचा नाही. उनाइसीला एकच मुलगी, लोसालिनी. नवरा एमोसी साखरेच्या आजारानं गेला तेव्हा ती शाळेत होती. ती पुढे शिकली ती या बिळांवरच. शिकली, इंग्रजी फाडफाड बोलायला लागली आणि मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलात स्वागताच्या टेबलामागे कानावर चाफ्याचं फूल लावून उभी राहिली. बिळांबद्दल तिनं कधी विचारलं नाही. उनाइसीच्या गुडघ्यांनी आता कुरकुर सुरू केली होती, आणि परतताना भरतीचं पाणी मांडीला लागलं की तिच्या मनात एकच विचार येई. आपण गेलो की ही नावं कुणाला ठाऊक असणार?

मधल्या काळात गावात दगडांचा धंदा आला. परदेशात लोक घरात काचेच्या टाकीत समुद्र ठेवतात, आणि त्या पाण्यात जीव यावा म्हणून समुद्रातला जिवंत दगड विकत घेतात. कंपनीनं गावच्या मुखियाला रीतसर विचारलं, सभा झाली, यांगोनाच्या मुळ्यांच्या पेयाचे वाडगे फिरले आणि गावातली पोरं पहारी घेऊन खडकावर उतरली. उनाइसीच्या बहिणीचा मुलगा, किटिओने, हा त्यांचा म्होरक्या. पूर्वेकडचा खडक फोडून बांबूच्या तराफ्यावरून पोती किनाऱ्याला आणायची, कंपनीचा ट्रक ती घेऊन जायचा. "मावशी, तुझे चांगले दगड कुठे लपवलेत, सांग ना," असं तो येता-जाता चिडवायचा. उनाइसी म्हणायची, "तुझ्या टाळक्यात. तिथे एवढी पोकळी आहे की कुणाला सापडायचे नाहीत."

पण त्यानं खरोखर कधी मागितले नाहीत, आणि हे त्याचं मोठेपण होतं. कारण आमच्यात जवळच्या माणसानं मागितलं तर नाही म्हणत नाहीत, आणि दिलेलं परत मागत नाहीत. एमोसीच्या चुलतभावानं होडीचं इंजिन मागितलं, एमोसीनं दिलं आणि मग मरेपर्यंत वल्ही मारली. त्याबद्दल घरात कधी चकार शब्द निघाला नाही.

एका शनिवारी लोसालिनी घरी आली. उनाइसीनं नारळाच्या दुधात अळू शिजवलं होतं. जेवताना पोरगी हॉटेलातल्या गोष्टी सांगत होती. मालकीणबाईंनी स्वागताच्या टेबलाशेजारी ठेवायला एक लहानशी काचेची टाकी आणलीय, खाऱ्या पाण्याची. त्यात मासे सोडायचे, पण आधी दगड हवेत. कंपनीचे दगड म्हणजे नुसते तुकडे, बाईंना पसंत नाहीत. त्यांना भोकाभोकांचे, रंगाचे, माशांना आत-बाहेर करता येतील असे हवेत. दगड विकत घ्यायचं काम लोसावर सोपवलं होतं, कारण ती इथली. उनाइसी कसाव्याचे कंद सोलत हं हं म्हणत होती. हॉटेलातल्या गोष्टी ती अर्ध्याच कानानं ऐकायची.

मग पोरगी म्हणाली, "आई, मला तुझी बिळं दाखव ना."

उनाइसीच्या हातातली सुरी थांबली. तिनं पुढे काहीच विचारलं नाही. विचारायचं नसतंच. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात आईची जुनी सळई होती, मुठीला दोरी गुंडाळलेली. ती तिनं लोसाच्या हातात दिली.

सोमवारी सकाळी ओहोटी लागताच दोघी निघाल्या. तराइवीनीनं दारातून पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. खडकावर पाय पडला तशी दोघींची बोलणी बंद झाली. उनाइसी पुढे, लोसा मागे. एकेका बिळापाशी उनाइसी थांबायची, सळईनं दार दाखवायची, बाहेर पडलेल्या शिंपल्यांकडे बोट करायची. पोरगी वाकून बघायची, दगडावरून हात फिरवायची, मान डोलवायची. आंधळ्या बुबूचं दार आतून खड्यांनी बंद होतं. उनाइसीनं दोन्ही तळवे जोडून छातीशी धरले, म्हणजे आत आई आहे, अंड्यांवर आहे. लोसानं त्या दगडावर हात ठेवला. मोठा सुंदर दगड होता तो, जांभळा, कमानीचा. हात तसाच ठेवून तिनं आईकडे पाहिलं, विचारल्यासारखं. उनाइसीचे डोळे भरून आले होते. तिनं जोरात होकाराची मान हलवली. तुझंच आहे.

वाळूवर आल्यावर तिला किती बोलू आणि किती नको असं झालं. तिनं सगळी नावं सांगितली, कोण कुणाची कोण तेही. लोसानं ती दोनदा म्हणून पाठ केली आणि आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, तू एवढं देशील असं वाटलं नव्हतं." उनाइसीला वाटलं, आता मेले तरी हरकत नाही.

त्याच आठवड्यात ती टोपली घेऊन सिंगातोकाच्या बाजारात गेली होती, तेव्हा तराफा कडेच्या अंगाला गेला.

पुढच्या ओहोटीला ती खडकावर पोचली आणि आपण वाट चुकलो असं तिला वाटलं. वासितीचं बीळ नव्हतं. मेरेवालेसीचं नव्हतं. दगड होते तिथे पांढरेफटक खळगे होते, दात उपटल्यावर हिरडीत राहतात तसे. आंधळ्या बुबूच्या जागी पहारीचा ओरखडा होता आणि दारातले खडे इकडेतिकडे विखुरले होते. ती तिथेच पाण्यात बसली. ओरडावंसं वाटत होतं, पण पायाखाली खडक होता, म्हणून ओरडली नाही.

भाचा तिला घराबाहेरच भेटला. तिचा चेहरा बघून त्यानं हातातली विडी टाकली. "मावशी, मी दोनदा विचारलं लोसाला. ती म्हणाली, आईनं स्वतः नेऊन दिलेत. मी पहार लावताना तुझं नाव घेऊन माफी मागितली."

त्या घटकेला उनाइसी खरं बोलली असती तर गाव तिच्या बाजूनं उभं राहिलं असतं. लोसाला मुखियासमोर मान घालून बसावं लागलं असतं. पण उनाइसीनं मनातल्या मनात सगळं पुन्हा पाहिलं. पोरीनं मागितलं होतं, दगडावर हात ठेवून मागितलं होतं. आणि आपण मान हलवली होती.

"हो," ती म्हणाली. "मीच दिले."

रविवारी प्रार्थना झाली तशी ती चर्चच्याच कपड्यांत बसनं हॉटेलात गेली. टाकी खरोखर लहान होती, डुकराला कसावा घालायच्या घमेल्याएवढी. तिच्या मधोमध आंधळ्या बुबूचं घर मांडलं होतं, आणि त्याच्या दारातून दोन निळे मासे जात-येत होते. लोसा टेबलामागून धावतच आली. बघ आई, केवढं शोभतंय. बाईंना इतके आवडले की त्यांनी फोटो काढून सगळीकडे पाठवले. आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी नावं सांगते, हे वासितीचं, हे आंधळ्या बुबूचं. एकही विसरले नाही.

तिनं ती सगळी म्हणून दाखवली. खरंच एकही चुकलं नव्हतं. उनाइसीला एवढं एकटं नवऱ्याला मातीत ठेवलं त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"बुबूच्या दगडात कुणी होतं?" तिनं विचारलं.

"होती एक. कंपनीच्या आवारात दगड फवाऱ्याखाली धुतात ना, तिथे सगळे बाहेर आले म्हणे, खेकडे, किडे. ती येईचना. शेवटी आतच मेली. वास सुटला म्हणून तारेनं काढावी लागली." मग आईकडे निरखून बघत लोसा म्हणाली, "आई, तुला आवडलं नाही का?"

उनाइसीनं काचेवर हात ठेवला. काच कोमट होती.

"काच स्वच्छ ठेवलीस," ती म्हणाली.

सळई टेबलामागे उभी करून ठेवलेली तिला दिसली. तिनं ती मागितली नाही.

काही दिवसांनी ओहोटीच्या वेळी ती कमरेला टोपली बांधून, हातात साधी काठी घेऊन निघाली. सवयच ती. तराइवीनी अंगणात चटईला पानं सोलत बसली होती. तिचं लक्ष कामात होतं, म्हणून तोंडातून निघून गेलं, "कुठे निघालीस गं?" आणि लगेच जीभ चावून तिनं तोंडावर हात ठेवला.

उनाइसी थांबली, पण मागे वळली नाही.

"असू दे वहिनी," ती म्हणाली. "आता विचारलंस तरी चालतं."

मग ती वाळू ओलांडून खडकावर गेली.